ताकाचे पैसे

१७ फेब्रुवारी, सोमवार

शाळेत बाजार भरणार म्हणे. बाहेर बाजार कमी पडले म्हणून आता शाळेतही!

ऋतिकानं दप्तर टाकलं आणि पहिलं हेच सांगितलं. हात धुतले नाहीत, पाणी प्यायली नाही. मोनाली मॅडमनं तिसरीच्या वर्गाला शिकवलं — वस्तू तयार करतो तो उत्पादक, विकत घेतो तो ग्राहक. झालं. तेव्हापासून घरात सगळ्यांना नावं वाटत फिरते आहे. म्हैस उत्पादक. कोंबडी उत्पादक. आजी डबल उत्पादक. मांजर ग्राहक — तेही फुकटं.

मी विचारलं, आणि तू कोण? तर म्हणते, मी अजून ठरवलं नाही.

ठरव बाई. ताट मात्र रोज वेळेवर लागतं तुला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मोनाली मॅडम घरी आल्या होत्या. रावेरहून स्कूटीवर येतात, तोंडाला ओढणी गुंडाळून, नुसते डोळे दिसतात. मला म्हणाल्या, "आजी, तुमची मदत पाहिजे." आजी! मी ऋतिकाची आजी आहे, तुझी नाही. तुझ्या आईपेक्षा दोन वर्षांनी लहानच असेन.

प्रत्येक पोरानं घरी तयार होणारी वस्तू आणायची आणि स्वतः विकायची. ऋतिकानं सांगितलं ताक. पुठ्ठ्यावर पाटीसुद्धा रंगवून झाली — थंडगार ताक, दहा रुपये ग्लास.

मी म्हटलं, तूप घ्या. दूध घ्या. गोवऱ्या घ्या हव्या तर. ताक नाही. आमच्यात ताक विकत नाहीत.

मॅडम हसल्या. म्हणे, अहो, ही फक्त ॲक्टिव्हिटी आहे.

यांना काय सांगणार. दूध डेअरीला घालते, त्याचे पैसे घेते. तुपाचे तर रोख मोजून घेते, एक रुपया सोडत नाही. पण ताक! ज्याच्या घरी दुभतं, त्याच्या दारी सकाळी गल्ली तांब्या घेऊन येते आणि भरून नेते. सासूनं हेच केलं, तिच्या सासूनं हेच केलं. विकलं की म्हैस आटते म्हणतात. आटायची असेल तर आटो, मी म्हशीला भीत नाही. पण कोणी ताकाला आलं आणि मी हात पुढे केला — नुसतं डोळ्यांसमोर आणलं तरी शिसारी येते.

नाही म्हणून सांगितलं. मॅडम गेल्या. ऋतिका फुगून बसली. भाकरीला शिवली नाही. नंतर चुलीमागं उभी राहून दोन भाकऱ्या खाल्ल्या, मला दिसलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

अजून फुगलेलीच आहे. फुगू दे.

२३ फेब्रुवारी, रविवार

लेकाचा, भूपेंद्रचा धुळ्याहून फोन. पुन्हा तेच. जूनमध्ये ऋतिकाला तिकडं घेऊन जायचं, इंग्रजी शाळेत घालायचं. डिंपलनं शाळा बघून ठेवली आहे म्हणे. सूनबाई दवाखान्यात नर्स. एक आठवडा दिवसाची ड्युटी, एक आठवडा रात्रीची. हा गाड्यांच्या शोरूमला सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो. मग पोरगी बघणार कोण? म्हणे शाळेची बस सोडते, खाली वॉचमन असतो.

वॉचमन!

अंगणवाडीत जात होती तेव्हा आणून टाकली माझ्याकडं. तेव्हा धुळ्याला जागा नव्हती, वेळ नव्हता, काहीच नव्हतं. मी नाक पुसलं, गोवर काढला, पहिलीचं अक्षर गिरवून घेतलं — मला जेवढं येतं तेवढं, चौथीपर्यंतचं. हे गेल्यावर शेत दिराला बटाईनं दिलं. घरात उरलो आम्ही तिघी. मी, ती आणि म्हैस. आता तीही न्यायची.

मी काही बोलले नाही. बोलले की भांडण होतं. नाव कोकिळा आणि आवाज कावळ्याचा, असं गाव म्हणतंच. म्हणून तर हे इथं लिहिते. खतवाल्या दुकानदाराची डायरी आहे, पानावर वरती युरियाची जाहिरात, खाली मी.

शेवटी तोच म्हणाला — "आई, एक तारखेला शाळेत बाजार आहे ना, आम्ही दोघं येतो. शाळा बघतो. पोरगी काय शिकते ते बघतो. चांगलं वाटलं तर राहू दे अजून तुझ्याकडं."

म्हणजे आता त्या बाजारावर सगळं!

संध्याकाळी ऋतिकाला सांगितलं, ने बाई ताक. तिनं मला एवढी घट्ट मिठी मारली की हातातलं पीठ सांडलं. मी तिला शिव्या दिल्या. आनंदानं नाचत मांजराला सांगायला गेली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज गल्लीतल्या हितेंद्रच्या घरी सुपल्या आणायला गेले. ओसरीत नवराबायको केळीच्या वेफर्सची पोती फोडून बसलेले. रावेरच्या होलसेल दुकानातला माल. मोठ्या पिशवीतून काढायचा, छोट्या पिशव्यांत भरायचा, मेणबत्तीवर तोंड चिकटवायचं आणि वर चिठ्ठी — घरगुती. त्यांचा नवल ऋतिकाच्याच वर्गात. तो बाजूला मोबाइलवर गेम खेळत होता. त्यानं वेफर्सला हात लावला तो फक्त खायला.

मी म्हटलं, हितेंद्र, हे घरगुती कसं?

तो म्हणतो, "घरात बसून भरतो ना अक्का. घरगुतीच झालं."

घरामागं यांची केळीची बाग. घड लटकले आहेत. आणि वेफर्स विकत आणून पोराला उत्पादक करतात! बायको म्हणते, कोण तळत बसंल. तेलाला जुनाट वास येत होता. मला ओकारीच आली. सुपल्या न घेताच आले.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. भगर करपली. ऋतिका म्हणाली उत्पादकाची चूक.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

विरजण लावलं. दोन दिवसांची साय धरून ठेवली होती. जिरं भाजून कुटलं, कोथिंबीर पहाटे चिरीन.

दिवसभर मनाला समजावते आहे. शाळेतला बाजार खोटा. पोरं खोटी दुकानदार, आम्ही खोटे ग्राहक. मग विकणंही खोटंच. खोट्या विकण्यानं काय पाप लागणार? उद्या दुपारपर्यंत निभलं की झालं. पोरगी राहिली पाहिजे.

ऋतिका ग्लास मोजत बसली आहे. पप्पा किती वाजता येतील, मम्मी ड्रेस घालेल का साडी, पप्पांना तिखट चालतं का. हाच जप. झोप म्हटलं तर म्हणते, ताक सगळ्यात आधी पप्पांना. मी म्हटलं, आधी गिऱ्हाईक, मग घरचे. बाजाराचा कायदा आहे.

१ मार्च, शनिवार

डोकं दुखतंय. पण लिहून टाकते, नाहीतर झोप लागायची नाही.

सकाळी डोक्यावर घागर घेऊन शाळेत गेले. मैदानात मांडव. फुगे. माइकवर कोणीतरी हॅलो हॅलो. एका पोरीला लुगडं नेसवून भाजीवाली केलेली — कपाळाला रुपयाएवढं कुंकू, ओठ लालभडक, पेन्सिलनं गोंदण काढलेलं. भाजीवाली अशी असते? तिची आई फोटो काढत होती, म्हणे ओरड ना, ताजी भाजी, ताजी भाजी! पोरगी रडायच्या बेतात. लिंबाच्या ढिगाजवळ एक बाप पोराला शिकवत होता — मोठी वर ठेव, डागाची खाली घाल. तिसरीतल्या पोराला! आणि विकत होत्या बाया. पोरं नुसती शेजारी उभी. विकणार आया, घेणाऱ्याही आयाच. काय शिकली पोरं ते देवाला ठाऊक.

तालुक्याहून कोणी साहेब आले. त्यांच्यामागं हेडमास्तर, हेडमास्तरांमागं चार जण. साहेबांनी प्रत्येक दुकानातलं उचलून खाल्लं. भेळ, आप्पे, पेरू. बोटं चाटली. पैशाचं नाव नाही. शिपायाच्या हातात पिशवी होती, ती बघता बघता भरली. पोरं तोंडाकडे बघत राहिली. मला वाटलं माइक हिसकावून घ्यावा. पण भूपेंद्र यायचा होता. गिळलं.

ऋतिकाचं दुकान फाटकाजवळ. पाटी लावली, ग्लास मांडले. ऊन चढायला लागलं आणि गाव ताकावर आलं. आणि मग काय झालं — मला आधीच कळायला हवं होतं — कोणी पैसेच देईना!

फसवणूक नाही. कोणाच्या मनात पाप नाही. त्यांना सुचलंच नाही. कोकिळाच्या घरचं ताक! आयुष्यभर तांब्या भरून नेलेलं. गल्लीतले जीवराम आबा आले, दोन ग्लास प्यायले, ग्लास उपडा ठेवला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला — "गारवा भेटला माय, सुखी राह्य." आणि गेले. त्यांच्यामागून सगळे तसेच. पाटी डोळ्यांसमोर. दहा रुपये, हे एवढं मोठं अक्षर. वाचता येणारेही प्यायले आणि शेजारी नवलच्या दुकानावर जाऊन रोख पैसे देऊन ते खवट वेफर्स घेतले! तिथं खिशात हात जातो. इथं आशीर्वाद.

ऋतिका ओतत होती. मागत नव्हती कोणाला. ओतायची आणि फाटकाकडे बघायची. मी दुरून खुणा करत होते, माग ना, माग!

शेवटी घागर पालथी केली तर थेंब नाही. आणि नेमके तेव्हाच भूपेंद्र आणि डिंपल फाटकातून आत आले. जळगावला गाडी बदलताना उशीर झाला होता. बापाला बघितलं आणि पोरगी भोकाड पसरून रडायला लागली. सगळ्यांसमोर. साहेबांसमोर. भूपेंद्र विचारतो, काय झालं? गल्ला बघतो — रिकामा. डिंपल माझ्याकडं बघते.

मला दिसलं, आता ही पोरगी गेली. इथं लुटली जाते, रडते, कोणी वाली नाही — हेच घेऊन जाणार धुळ्याला.

मग मी काय केलं ते मलाही नीट आठवत नाही. पदर खोचला आणि मैदानभर फिरले. एकेकाला धरलं. ताक प्यायला ना? काढ दहा रुपये. दोन प्यायला? वीस काढ. माझ्या दिराकडून घेतले. हितेंद्रकडून घेतले. शेजारची बेबाबाई म्हणाली, अक्का, चिल्लर नाही, म्हटलं घरून आण, मी थांबते. ती खरंच घरी गेली. साहेबांसमोर हात पसरला, म्हटलं, साहेब, तुम्हीही एक प्यायलात, पोरीनं पाहिलंय. हेडमास्तरांचा चेहरा पांढरा. साहेबांनी पन्नासची नोट दिली, उरलेले परत घेतले नाहीत. मीही दिले नाहीत.

जीवराम आबा वडाखाली बसलेले. माझ्याकडं बघत राहिले.

"ताकाचे पैसे, कोकिळा? तुया सासूले समजलं असतं तं..."

"सासू मेली आबा. पोरगी जिती आहे. काढा."

त्यांनी धोतराच्या कनवटीतून नोट काढली. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं नाही. घेतली.

सगळे पैसे ऋतिकाच्या ओटीत टाकले. तिनं बघितलंही नाही. भूपेंद्रच्या शर्टाला धरून उभी. माइकवरून जाहीर झालं, ऋतिका पाटील, उत्कृष्ट उत्पादक. पितळी रंगाचं मेडल. खरं तर म्हशीच्या गळ्यात घालायला पाहिजे होतं.

घरी जेवताना भूपेंद्र खुशीत. हसून हसून सांगत होता, आईनं साहेबाला कसं धरलं. म्हणाला, "इथं पोरं धीट होतात, डिंपल. राहू दे अजून दोन वर्षं. नंतर बघू."

डिंपल पोरीच्या वेण्या सोडून पुन्हा घालत होती. मग हळूच विचारलं, ऋतू, येतेस का? मी म्हटलं, कुठं येते, परीक्षा तोंडावर आली आहे. विषय संपला.

चारच्या गाडीनं गेले. डिंपलची रात्रीची ड्युटी होती.

जिंकले मी. पोरगी राहिली.

२ मार्च, रविवार

सकाळी कोणी ताकाला आलं नाही.

३ मार्च, सोमवार

आजही नाही. ताक घुसळलं, लोणी काढलं, घागर दारात ठेवली, तशीच राहिली. दुपारी म्हशीपुढं ओतलं. तीही तोंड फिरवून उभी राहिली.

जाऊ दे. नका येऊ. ताकाला जाऊन भांडं लपवणारी जात तुमची. आजवर नेलंत तेव्हा कधी एक शब्द चांगला बोललात? आता दहा रुपयांनी नाकं वर गेली!

संध्याकाळी बेबाबाई आली. मला वाटलं, चला, एक तरी माणूस आलं. तर तिनं तांब्या पुढं केला आणि दुसऱ्या हातात दहाची नोट. चेहरा सरळ. टोमणा मारत नव्हती. तिला खरंच वाटलं की आता असंच आहे.

अंगाला पाल चिकटावी तसं झालं. नोट तिच्या पोलक्यात कोंबली, तांब्या भरला आणि दार लावून घेतलं. दाराआड उभी राहिले किती तरी वेळ. हात धुतले. पुन्हा धुतले.

किळस आली. त्यांची नाही.

६ मार्च, गुरुवार

ऋतिका बाजारापासून गप्प आहे. कोणाला उत्पादक म्हणत नाही, ग्राहक म्हणत नाही. मेडल खुंटीला. त्या पैशांतून तुला सँडल घेऊ म्हटलं तर मान हलवून नाही म्हणाली.

आज चिडलेच मी. भाकरी थापता थापता बोलले — काय झालंय काय तुला? पैसे देत नव्हते म्हणून रडलीस, सगळ्या गावाशी वाईटपणा घेऊन पैसे आणून दिले. अजून तोंड पाडून बसतेस?

ती म्हणाली, "मी पैशासाठी नव्हती रडत."

मग?

"पप्पा आले आन् ताक सरलं."

तवा तापून लाल झाला. भाकरी टाकायची राहिली. मी म्हटलं, अगं, मग घरी आल्यावर द्यायचं होतं. म्हणाली, घरी पण सरलं होतं, मी स्टुलावर चढून पाहिलं फडताळात. ते लगेच गेले ना आजी. ते लगेच जातात.

एवढंच बोलली. उठली, मांजराला दूध घालायला गेली.

आधी गिऱ्हाईक, मग घरचे! मीच शिकवलं. ती पोरगी सकाळपासून गावाला पाजत होती आणि फाटकाकडे बघत होती. मी दुरून खुणा करत होते.

७ मार्च, शुक्रवार

काही लिहायचं नाही.

९ मार्च, रविवार

भूपेंद्रला फोन केला. म्हटलं, जूनमध्ये घेऊन जा तिला. तो म्हणाला, आई, काय झालं? तूच तर... मी म्हटलं, मी काय म्हणत होते ते सोड, आता म्हणते ना, घेऊन जा. शाळा कोणतीही बघा. इंग्रजी बघा नाहीतर जपानी. पण संध्याकाळी ती घरी येईल तेव्हा दोघांपैकी एक जण घरात असला पाहिजे. तेवढं डिंपलला सांग. वॉचमन नको.

फोन मीच ठेवला.